माणशी दहा पानं

एका गावात एक घर होतं आणि त्या घराला आपल्या तब्येतीचा भारी तोरा होता. घरात सासरा, सासू, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. अंगणात कढीपत्त्याचं झाड, चांगलं कौलांना टेकलेलं.

एकदा गावात एक वैद्यबुवा आले. झाड पाहून म्हणाले, "अहो, दारात एवढा कढीपत्ता आणि तुम्ही तो ताटातून वेचून बाजूला टाकता? रोज सकाळी माणशी दहा पानं वाटून ताकातून घ्या. प्रकृतीला बरं असतं."

सासऱ्याने लगेच बोटांवर मोजलं. "मी, ही, मुलगा आणि दोन पोरं. पाच जण. सूनबाई, रोज पन्नास पानं तोडायची बरं का!"

सून तिथेच पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वैद्यबुवा झोळी बांधत होते. काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

झालं! रोज उठून सून पन्नास पानं मोजून तोडायची, पाट्यावर वाटायची, ताकाची पाच फुलपात्रं भरायची. पाटा धुतलेलं पाणीसुद्धा वाया जायचं नाही हो, ते म्हशीच्या आंबोणात जायचं. म्हणजे म्हशीचाही विचार झाला होता. सून सगळ्यांच्या मागून जेवायची, उरेल ते. किती उरायचं, ते विचारू नका.

वर्षं गेली. सासऱ्याचा तोरा वाढतच गेला. येईल त्याला सांगायचा, "आमच्या घरात कुणी साधं शिंकत नाही!" आणि पाहुणा निघाला की हातभर फांदी मोडून त्याच्या हातात द्यायचा.

एका उन्हाळ्यात सुनेला उठता-बसता अंधारी यायला लागली. चार दिवस मनात घोळवून तिने विचारलं, "मामंजी, आणखी दहा पानं तोडली तर चालतील? माझ्यासाठी."

सासऱ्याने आधी झाडाकडे पाहिलं. "ऐन उन्हाळ्यात झाड ओरबाडतेस होय? तुला काय धाड भरलीय? चुलीपाशी बसून बसून येते ती अंधारी."

नवरा ताक पीत होता, त्याने मिशा पुसल्या. सुनेने पुन्हा कधी पानांचा विषय काढला नाही.

पावसाळ्याच्या तोंडी ती पाट्यापाशीच कोसळली. तेव्हा कुठे धावपळ झाली. नवरा शेजारच्या गावी जाऊन त्याच वैद्यबुवांना घेऊन आला. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती.

"ही कधीपासून अशी आहे?"

सासऱ्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने आईकडे.

"हिला ताक देत होता ना?"

"तीच तर करायची," सासू म्हणाली. "घेत असेलच की."

"पाच जणांचं करायची," सासरा खाली बघत म्हणाला.

वैद्यबुवांनी घरातली डोकी मोजली. सहा. मग ते म्हणाले, "दहा पानांनी ही वाचली असती असं मी म्हणत नाही. पण पानं मोजताना एकदा जरी कुणी हिच्या तोंडाकडे पाहिलं असतं, तर वेळेवर इलाज झाला असता. त्या दिवशी मीही पाहिलं नाही."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा सवयीने ओट्यावर येऊन बसला. ताक काही येईना. शेवटी नात परडी घेऊन झाडाखाली गेली.

"आजोबा, किती पानं तोडू?"

"पन्नास."

"म्हणजे पाच जणांची ना?"

म्हाताऱ्याने बोटांवर मोजलं. मी, ही, मुलगा, दोन पोरं. आता मोजणी अगदी बरोबर होती. त्याला नातीकडे मान वर करून बघवेना.

तात्पर्य: घरातली माणसं मोजायची झाली, तर चुलीपासून सुरुवात करावी.