फुकटचा उजेड

फार पूर्वी, रानात अजून कुणाच्या घरी दिवा नव्हता, तेव्हा भित्र्या खारीच्या ढोलीत काजवा आला. "फुकट उजेड देतो, ताई. फक्त पिल्लांची नावं आणि नातेवाईक सांगा."

"उजेडाला नावं कशाला?"

"पद्धत आहे. सगळेच सांगतात."

सगळेच म्हटल्यावर खारीनंही सांगून टाकलं. काजव्यानं ते रानबोक्याला विकलं.

दुसऱ्या दिवशी ढोलीबाहेर गोड आवाज आला, "चिकू, बोरू, जाई, या रे बाहेर! मावशीनं खाऊ पाठवलाय."

पिल्लं धावली. खारीनं दचकून तिघांना मागं ओढलं.

"काय गं, मावशीवर विश्वास नाही?"

"मावशीवर आहे," खार म्हणाली, "पण तिला माझ्या पोरांची नावं कधीच धड आठवत नाहीत."