माई ट्रॉलीत बसते म्हणाल्या

"पण माझ्यातच असं काय कमी आहे, माई?"

शिरीष आडारकरांनी विचारलं, आणि आम्ही शेंगा फोडत बसलेले सगळे खाली बघायला लागलो. मोठी माणसं गाऱ्हाणं सांगायला लागली की शेंगा फार बारकाईनं फोडाव्यात. कानांना कुणी नावं ठेवत नाही.

खडजाईच्या डोंगराच्या पायथ्याला धोंडामाईंचा मठ आहे. देवी वर, माई खाली. वर जायला पायऱ्या आहेत, डोली आहे, आणि अलीकडं रोपवेही झालाय. त्या रोपवेचे मुख्य इंजिनियर म्हणजे आमचे आडारकर साहेब.

साहेब माईंचे शिष्य. मठातला वीजपंप त्यांनी बसवला, पत्रे त्यांनी घातले. पण माईंनी त्यांना अजून नाम दिलं नव्हतं. नाम म्हणजे गुरूनं कानात सांगायचा मंत्र. तो माई सहसा देत नाहीत. आमच्यातल्या कुसाबाईला दिला. माझ्यासारख्या ठोंब्यालाही दिला. साहेबांना खरं तर हेच लागलं होतं.

"कमी कुठं?" माई म्हणाल्या. "जास्तीच हाय समदं."

कुणी हसलं नाही. साहेबांपुढं हसायची आमची टाप नव्हती. त्यातून परवाच देवस्थाननं त्यांचा सत्कार केला होता.

त्याचं असं झालं. मागल्या पंधरवड्यात एका शाळेची सहल आली होती. पोरं ट्रॉलीत बसली, ट्रॉली मधोमध गेली आणि वारा सुटला. ट्रॉली कलंडून खांबाला घासली, काचा फुटल्या. साहेबांनी धावत जाऊन यंत्र हातात घेतलं आणि ट्रॉली अलगद खाली उतरवली. एका पोरीच्या कपाळाला टाके पडले, बाकी सगळी सुखरूप. मग काय, शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं. फेटा साहेबांना जरा मोठा झाला होता, पण शोभला.

"मला झोप नाही, माई. ध्यानाला बसलो तर कानात सारखं वाजत राहतं."

"काय वाजतं?"

साहेबांनी कानात बोट घालून हलवलं.

"काय वाजतं रं?"

"भोंगा. रोपवेचा भोंगा."

तो भोंगा आम्हालाही ठाऊक आहे. वारा वाढला की खालच्या स्टेशनात तो बोंब ठोकतो आणि ट्रॉली आपोआप थांबते. वारा पडला की पुन्हा चालू. रांगेतली माणसं त्याच्या नावानं बोटं मोडायची. पुढं पुढं तो ऐकू येईनासा झाला. आम्हाला वाटलं, औंदा वारा कमी आहे.

"तुम्ही नाम दिलंत की थांबेल ते," साहेब म्हणाले. "मला खात्री आहे."

माईंनी मांडीवरची टरफलं झटकली.

"बरं. आजच देते."

साहेबांना खरंच वाटेना. "आज?"

"आज. वर, देवीच्या पायाशी. पर माझं गुडघं चढत न्हाईत. तुझी ट्रॉली सांग. मी बसते."

आता मात्र शेंगा फोडायचं नाटक कुणालाच जमेना.

माई ट्रॉलीत बसते म्हणाल्या होत्या. रोपवेच्या उद्घाटनाला साहेब त्यांच्या पाया पडले होते, पहिल्या फेरीत तुम्हीच बसा म्हणून. माई बसल्या नाहीत. नंतरही साहेबांनी दर जत्रेला विचारलं, दर जत्रेला माईंनी हात जोडले. आज त्या आपण होऊन म्हणत होत्या. साहेब आता उडी मारून उठणार, असं आम्ही धरून चाललो.

साहेब दारातून बाहेर बघत राहिले. अंगणातल्या चिंचेचा शेंडा वाकत होता.

"आज नको, माई."

"का रं?"

"आज जत्रा आहे. फार गर्दी."

"रांगेत हुभी ऱ्हाते."

"तसं नाही. वाराही आहे जरा."

"मग ट्रॉली बंद हाय व्हय?"

"नाही... चालू आहे."

"मग?"

"मी डोली सांगतो ना. डोलीवाले चांगले बघून देतो. तुम्हाला धक्कासुद्धा लागू देणार नाही."

माई काठी घेऊन उठल्या आणि अंगणात गेल्या.

आमच्या अंगणावरून रोपवेची तार जाते. नेमकी तेव्हाच एक ट्रॉली वर निघाली होती. खच्चून भरलेली. आतून कुणीतरी खडजाईच्या नावानं चांगभलं म्हणालं आणि बाकीच्यांनी साथ दिली. एक तान्हं पोर रडत होतं, ते खालपर्यंत ऐकू आलं. ट्रॉली झोके खात होती.

माईंनी कपाळावर हात धरला आणि ती पार पुढं जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. मग वळल्या.

"त्यास्नी सांगितलीस का डोली?"

साहेब उंबऱ्यातच बसले.

"वायर मी काढलीय," ते म्हणाले.

"कसली?"

"भोंग्याची. वारा मोजायचं यंत्र वर खांबावर आहे. त्याची वायर मी काढून ठेवली. भोंगा वाजत नाही, ट्रॉली थांबत नाही." ते जमिनीकडं बघत बोलत होते. "सारखा वाजायचा. रांगेतले लोक शिव्या द्यायचे. देवस्थानचे अध्यक्ष म्हणायचे, साहेब, तेवढं बघा की. मी म्हटलं, एवढा वारा ट्रॉली सहज सोसते. माझा अनुभव आहे. मी काढली."

"कवा?"

"दिवाळीच्या सुटीत."

दिवाळी होऊन संक्रांतही झाली होती. हिशोब आम्हाला सगळ्यांनाच कळला, पण तो तोंडानं करायची हिंमत कुणाला होईना. कुसाबाईनं मात्र विचारलं, ती कुणाला भीत नाही.

"म्हंजी सहलीची पोरं..."

"हो."

"आन् तुमचा सत्कार?"

साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "त्या पोरीचा बाप आला होता सत्काराला. टाके पडलेली पोर कडेवर घेऊन. सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला तो. मी त्याला उठवलं, आणि म्हणालो, अहो, हे तर माझं कर्तव्यच..."

पुढं त्यांच्याच्यानं बोलवेना. आम्हालाही ऐकवेना. मी तर त्या सत्काराला टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले होते.

"मग जोडली का न्हाईस अजून?" माईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"जत्रा झाली की जोडणार होतो. आत्ता जोडली तर ट्रॉली पुन्हा थांबायला लागेल. लोक विचारतील, इतके दिवस कशी थांबत नव्हती? मग सगळंच बाहेर येईल."

"मग जत्रंतल्या माणसांनी तवर काय करायचं? देवीचं नाव घ्यायचं?"

साहेबांनी खिशातून फोन काढला. खालच्या स्टेशनात ट्रॉली चालवणाऱ्या पाटणेंना लावला.

"पाटणे, ट्रॉली बंद करा. आत आहेत त्यांना अगदी सावकाश खाली घ्या. नवीन कुणालाही बसवू नका." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "लोकांना? लोकांना सांगा, तांत्रिक बिघाड."

"कुणात?" माई म्हणाल्या.

साहेबांनी फोन जरा बाजूला केला. "काय?"

"बिघाड कुणात म्हणालास?"

"यंत्रात. म्हणजे... तसं सांगायची पद्धत असते, माई."

"यंत्र तर बिचारं वरडत हुतं."

फोनमधून पाटणे हॅलो हॅलो करत राहिले. साहेबांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"काही सांगू नका, पाटणे. मी येतो. मीच सांगतो."

ते गेले. चपला घालायचं भान राहिलं नाही, तसेच गेले.

आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो. वर गेलेली ट्रॉली परत येत होती, सावकाश, एवढी सावकाश की जीव कंठाशी आला. खांबापाशी वाऱ्यानं तिला एक हिसका दिला. आत बायका किंचाळल्या. कुसाबाईनं माझा दंड धरला तो अजून दुखतो आहे. ट्रॉली थोडा वेळ तशीच तिरकी राहिली, मग सरळ झाली, आणि आमच्या डोक्यावरून खाली स्टेशनात गेली. माई शेवटपर्यंत वर बघत होत्या. ओठ हलत नव्हते, काही नाही. नुसत्या बघत होत्या.

मग जत्रेचा कर्णा खरखरला. एरवी त्यावर हरवलेली पोरं आणि सापडलेल्या पिशव्या पुकारतात.

"मी शिरीष आडारकर. रोपवेचा इंजिनियर." आवाज ओळखू येत नव्हता. "रोपवे बंद केला आहे. यंत्र बिघडलेलं नाही. वारा वाढला की भोंगा वाजतो, त्याची वायर मी काढून ठेवली होती. लोक वैतागले होते हे खरं, पण हात माझा होता. शाळेची मुलं बसली होती त्या दिवशीही ती काढलेलीच होती."

कर्णा गप्प झाला. आम्हाला वाटलं, संपलं.

"मी त्या दिवशी कुणाला वाचवलेलं नाही."

आधी काहीच ऐकू आलं नाही. पिपाण्या, फुगेवाले, पाळणे, सगळं बंद पडल्यासारखं झालं. मग गलका उठला. शब्द कळत नव्हते, पण शिवी लांबूनही कळते.

आम्ही मान खाली घालून आत आलो. आम्हाला कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी मान वर होत नव्हती. त्या भोंग्याला आम्हीही मेला, मुडदा म्हटलं होतं.

साहेब उन्हं कलल्यावर परतले.

शर्टाची बाही खांद्यापासून उसवली होती. पाय धुळीनं भरले होते. मठात त्यांची जागा पुढं, माईंच्या गादीशेजारी. ती आम्ही सवयीनं मोकळी ठेवली होती. ते तिकडं गेलेच नाहीत. दाराशी आम्ही चपला काढतो तिथं, चपलांतच बसले.

कुसाबाईनं पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. मघाशी तीच फाडफाड विचारत होती. आता तिनं तांब्याबरोबर गुळाचा खडाही ठेवला. साहेबांनी दोन्हींकडं बघितलं, हात लावला नाही.

"जोडलीस?" माईंनी विचारलं.

"जोडली. दोनदा तपासली. मग पोलिसांत जाऊन सगळं लिहून दिलं. अध्यक्षांनी किल्ल्या काढून घेतल्या."

"बरं."

"त्या पोरीच्या बापाला फोन केला."

"काय म्हनला?"

"काहीच नाही. मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, श्वास ऐकू येत होता. मग फोन ठेवला." साहेब पायांकडं बघत म्हणाले. "चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, माई."

मी एका शेंगेत गुंतलो होतो. ती पोचट होती.

"भोंगा थांबलाय," थोड्या वेळानं साहेब म्हणाले. "कानातला. स्टेशनातून निघालो तेव्हाच थांबला. पण आता हे दुसरंच... वाटेत जो दिसेल तो माझ्याकडंच बघतोय असं वाटतं. घरी मुलीसमोर कसा उभा राहू कळत नाही. तिच्या शाळेत माझा फोटो लावलाय. छातीत सारखं काहीतरी टोचतंय. लाज वाटते, माई. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. त्यापेक्षा तो भोंगा परवडला."

माईंनी काठी जवळ ओढली.

"नामाला मी लायक नाही, हे मला कळलंय. तरी मागतो. भीक समजा. नाम द्या आणि हे एवढं थांबवा. नाहीतर मी जगू कसा?"

माई काठी टेकत उठल्या. सावकाश दारापर्यंत आल्या. आम्ही चपला गोळा करायला धावलो, त्यांनी हातानं नको म्हटलं. आणि त्याही साहेबांच्या शेजारी, चपलांतच, खाली बसल्या.

मग त्यांनी साहेबांचं डोकं धरून जवळ ओढलं आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

आम्ही पटकन तोंडं फिरवली. दुसऱ्याचं नाम ऐकू नये. पण माईंना कानात बोलायचं म्हटलं तरी हळू बोलता येत नाही. सगळ्या मठानं ऐकलं.

"थांबवू नगंस, लेकरा. वाजू दे."