धनगरवाड्याची म्हशींची पाळी

पठारावर चढून येताना तुम्हाला एक म्हातारी दिसली असेल. डोक्यावर लहान पोराचं तोकडं घोंगडं, पुढे म्हशी. तुम्ही हसलात, ते मी पाहिलं. हसा, पाहुणे नेहमी हसतात. आम्हीसुद्धा लहानपणी हसायचो. आता जरा इथं टेका, या काळ्या कातळावर. घोंगड्याची गोष्ट याच कातळाची आहे.

माझ्या आजाच्या आजानं ही ऐकलेली, असं सांगतात. तेव्हा या रानात वाघ होता. वाड्यातली पोरं चालायला लागली की म्हशींमागे जायची, आणि मोठी होईतो म्हशींमागेच राहायची. अक्षर कुणी पाहिलेलं नव्हतं.

एकदा एक वाटसरू घाटात पाय मोडून पडला. वाड्यानं त्याला उचलून आणलं, दूध-भाकरी घातली. पाय बरा झाल्यावर तो म्हणाला, "माझ्याकडे द्यायला काही नाही. चार अक्षरं आहेत, तेवढी पोरांना देतो."

वाड्याचा कारभारी होता लखू झोरे. तो म्हणाला, "आणि म्हशी? त्या काय तुमची अक्षरं राखतील?"

सगळे हसले. ठकूबाई तेवढी हसली नाही. नातीखेरीज तिला कुणी नव्हतं. नातीचं नाव सोनाई. ठकूबाई म्हणाली, "पोरांच्या म्हशी मी राखीन."

"म्हातारे, तुला उंबरा ओलांडताना धाप लागते!"

"लागू दे. एक जरी म्हैस कमी भरली, तर गुरुजीनं आपली वाट धरावी आणि मीही वाडा सोडीन. बिरोबाची आण."

देवाची आण घेतली म्हटल्यावर लखूला हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पोरं याच कातळावर बसली. गुरुजी गारगोटीनं अक्षर ओढायचे, पोरं त्यावरून बोट फिरवायची. तिकडे म्हातारी म्हशी घेऊन गेली. पण म्हैस आपल्याला राखणाऱ्या पोराचा आवाज ओळखते, दुसऱ्याचा नाही. हे वाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि नेमकं तेच सगळे विसरले होते. ठकूबाई हाका मारत राहिली आणि म्हशी खाली खाली दरीत उतरत गेल्या. वर धुकं दाटलं. धुक्यात वाघ बोलला म्हणे.

दुपार कलताना म्हातारी रिकाम्या हातानं परतली. सगळा वाडा कातळाभोवती जमला. बायका रडत होत्या. गुरुजींनी काठी उचलली. ठकूबाईनं लुगडं-भाकरीचं गाठोडं बांधलं. तिला कुणी थांबवलं नाही, आण होती ना.

पोरं मात्र कातळावरून उठेनात. सोनाई म्हणाली, "आजी, थांब की. धडा राहिलाय आमचा."

आणि ती म्हणायला लागली. क, का, कि, की. एकामागून एक सगळी पोरं म्हणायला लागली. काही रडत रडत म्हणत होती. त्या आवाजानं दरी भरली. समोरचा कडा तीच अक्षरं परत म्हणायला लागला, असं सांगतात.

मग धुक्यात घंटा वाजली.

पहिली लखूची म्हैस वर आली. तिच्यामागून दुसरी, मग रांगच. आल्या आणि कातळाभोवती कान टवकारून उभ्या राहिल्या, धडा संपेपर्यंत एकही हलली नाही. मोजल्या, तर सगळ्या होत्या. एकीच्या पाठीवर वाघाचा पंजा उमटला होता, रक्त वाहत होतं, तरी ती आली होती.

मग लखूनं आपल्या नातवाच्या अंगावरचं घोंगडं काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. ते त्याच्या कानापर्यंत जेमतेम पुरलं.

ठकूबाई म्हणाली, "हे रे काय सोंग?"

"वासानं तरी ओळखतील," तो म्हणाला. "गाठोडं सोड, काकी. उद्याची पाळी माझी."

आजही पावसाळ्यात ओढा भरला की खालच्या गावच्या शाळेची वाट बंद होते. मग वाड्यातलीच शिकलेली एखादी लेक इथं, कातळाशेजारच्या मांडवात, पोरांना शिकवते. तेवढे दिवस म्हशींची पाळी घरोघर फिरते, आणि पाळीवाल्यानं पोराचं घोंगडं घ्यायचं. कारभाऱ्यालाही सूट नाही.

मला स्वतःला अक्षर येत नाही. पण उद्या पाळी माझी आहे. नातीचं घोंगडं आत्ताच मागून ठेवलंय. तुम्ही उद्या असलात तर या माझ्याबरोबर दरीच्या कडेला. वर पोरांनी धडा सुरू केला की चरत्या म्हशी तोंडातला घास तसाच धरून मान वर करतात. बघा.