पानावरचा हात

“पण मी गुन्हा केला तरी कुणाचा, गुरुजी?”

मोतीगिरी महाराज ओट्यावर बसून पत्रावळी टाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मारलं नाही. फसवलं नाही. ठरलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. माणूस बाजारात कापड घेतो, धान्य घेतो. मग यालाच शिक्षा का?”

बळवंत पोतनीस बोलू लागला की दरबारसुद्धा कान देऊन ऐके. संस्थानातला नावाजलेला वकील. लहानपणी याच मठात मुळाक्षरं गिरवलेला.

त्या वर्षी संस्थानात नवा कायदा आला होता. पैसे देऊन बाईचं शरीर घेणाऱ्या पुरुषाला शिक्षा, बाईला नाही. त्या कायद्याखाली पहिला सापडला तो बळवंतच. उद्या सुनावणी होती.

न्यायाधीश महाराजांचा शब्द मानत. तो शब्द न्यायला बळवंत आला होता.

“तुम्ही एवढंच सांगा,” तो म्हणाला, “की सगुणा राजीखुशीनं होती.”

“होती का?”

“इतक्या दिवसांत एकदाही नाही म्हणाली नाही.”

महाराजांच्या हातातली काडी थांबली.

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही.” बळवंतानं छाती पुढे काढली.

“अरेरे…” महाराज म्हणाले, आणि त्यांनी पानात काडी खोचली.

बळवंताला राग आला.

“धाड पडल्यापासून ती तुमच्याच मठात आहे ना? बोलवा तिला. मी नुसतं चल म्हटलं की माझ्याबरोबर येईल. मग खटल्यात उरतं काय?”

“आणि नाही आली तर?”

“येईल.”

महाराज उठले. टाचलेल्या पत्रावळी त्यांनी काखेत मारल्या.

“बरं. आधी जेवणं होऊ देत. वाढायला माणूस कमी आहे. कोट काढ.”

“मी वाढू?”

“लहानपणी बरा वाढायचास. आमटी तेवढी सांडायचास.”

स्वयंपाकघराच्या दाराशी एक पितळी घंटा टांगलेली होती. बळवंताचं डोकं तिच्यावर आपटता आपटता राहिलं.

“ही इथं कशाला? देव तर तिकडे आहे.”

“वाजली की कळेल.”

“आम्हा बायांची आहे ती, वकीलसाहेब,” आतून ठकूबाई म्हणाली. मठाचा स्वयंपाक तिच्याकडे होता. तीही एकेकाळी सगुणाच्याच गल्लीतून आलेली. “माझ्या वेळी वाजली तेव्हा मी दचकून भाताचं पातेलंच पालथं केलं. महाराज त्या दिवशी उपाशी.”

“आनंदात उपाशी,” महाराज म्हणाले.

अंगणात आंब्याखाली बायांची पंगत बसली. सगुणा टोकाला होती. बळवंताला पाहताच तिनं नजर पत्रावळीकडे नेली.

“हिच्याकडे लक्ष ठेवा हं,” ठकूबाई त्याला म्हणाली. “वाढणाऱ्याला अडवतच नाही. काल कारल्याची भाजी घेतली, परत घेतली, पुन्हा घेतली. कारलं, बरं का. आणि तोंड असं, जणू बासुंदी खातेय. मग मला ओवा शोधत बसावं लागलं.”

बाया हसल्या. सगुणाही हसली.

बळवंताच्या हातात लाडवांचं ताट होतं. त्यानं तिच्या पानावर लाडू ठेवला.

“आणखी?”

“वाढा.”

त्यानं वाढला.

“आणखी?”

“वाढा.”

“अगं, पोट आहे की धान्याचं पेव?” ठकूबाई म्हणाली.

बळवंतानं आणखी एक वाढला, मग आणखी एक. लाडू भातावर चढले, आमटीत घरंगळले. बाकीच्या सगळ्यांनी केव्हाच पानावर हात आडवे धरले होते. सगुणाचे हात मांडीवरच होते.

तो विजयी मुद्रेनं महाराजांकडे वळला.

“पाहिलंत? हवंय तिला.”

“मी पाहतोय,” महाराज म्हणाले. “तू पाहा.”

बळवंतानं पाहिलं.

सगुणा घास गिळत होती. गिळवत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि ओठांवर हसू होतं.

ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. रोजचं. आपल्यासाठी असतं म्हणून तो इतके दिवस खूश होता, तेच…

त्यानं उचललेला लाडू पानावर ठेवला नाही. पण उद्या सुनावणी होती.

“सगुणा,” तो घाईनं म्हणाला, “चल माझ्याबरोबर. गाडी बाहेर उभी आहे.”

पंगत थांबली. ठकूबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. महाराजांनी डोळे मिटले.

सगुणानं त्याच्या हातातल्या लाडवाकडे पाहिलं. मग गाडीच्या दिशेला. मग पुन्हा लाडवाकडे.

तिचा उजवा हात मांडीवरून उठला. बोटं पसरली. पत्रावळीवर, लाडवांच्या ढिगावर, तो हात आडवा झाला.

ती काहीतरी म्हणाली. तोंडात घास असल्यानं कुणाला कळलं नाही.

“गिळ आधी, मग बोल,” ठकूबाई म्हणाली.

सगुणानं घास गिळला नाही. बाजूला काढून ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “मी येत नाही.”

…

“आणि मला लाडू आवडत नाहीत,” ती म्हणाली. “कधीच आवडत नव्हते.”

ठकूबाई डाव टाकून धावली. तिनं घंटेची दोरी अशी ओढली की आंब्यावरचे पोपट उडून गेले. बाया उष्ट्या हातांनी उठल्या. कुणी सगुणाच्या गळ्यात पडली, कुणी तिला गरागरा फिरवलं. “आणखी एकदा म्हण,” कुणीतरी ओरडलं.

“नाही.”

“आणखी एकदा.”

“नाही, नाही, नाही.” आणि सगुणा हसत सुटली. मोठ्यानं, नाकातून आवाज काढत, पोट धरून.

असं हसू बळवंतानं कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारे महाराज टाळ्या पिटत अंगणात गिरकी घेत होते. मग धापा टाकत ते साखरेचा डबा घेऊन आले. प्रत्येकीच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत गेले.

बळवंत लाडवांचं ताट धरून उभाच होता. महाराज त्याच्यापाशी आले तेव्हा त्यानं ते हळूच खाली ठेवलं.

“गुरुजी… उद्या मला विचारतील. मी काय सांगू?”

महाराजांनी त्याचा हात उताणा केला आणि तळव्यावर साखर ठेवली.

“सांग, आज मठात घंटा वाजली.”