पालथा पेला

समुद्रकाठच्या एका लहानशा राज्यात राजाला प्रश्न विचारायची एक जुनी रीत होती. शिकायला दूर परदेशी गेलेली चारुशीला त्या रीतीच्या आठवणीवरच तिथले दिवस काढत होती.

परतल्यावर सभेत काय दिसेल, हे तिला पाठ होते. दगडी ओटे, त्यांवर बसलेले सभासद, प्रत्येकापुढे घरून आणलेला तांब्याचा पेला, आणि त्यांतले निम्मे तरी पेले पालथे. प्रत्यक्षात दिसले ते वेगळेच. ओट्यांवर आणि खाली जाड गालिचे अंथरले होते. पेले राजवाड्यातले होते, चांदीचे. झाडून सगळे सरळ ठेवलेले, काठोकाठ भरलेले.

रीत अशी होती. त्या राज्याची गलबते दूरदूरच्या किनाऱ्यांवर जात. राज्याच्या नावाने कुठलेही गलबत सुटण्याआधी ते कुठे आणि कशासाठी चालले आहे, हे राजाने सभेला सांगायचे. ज्याला शंका असेल त्याने आपला रिकामा पेला पालथा घालायचा. उत्तर पटले की सरळ करायचा. सगळे पेले सरळ झाले की मग पाणी वाढले जाई. एक जरी पेला पालथा असला, तरी सभा उठत नसे, नांगर उचलला जात नसे, आणि राजासकट कुणाच्या घशाला पाणी मिळत नसे.

लहानपणी चारू बाहेरच्या पायरीवर बसून पालथे पेले मोजायची. मोठ्याने मोजायची, म्हणून पहारेकरी तिला दटावायचे. तिच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, सभेतल्या भार्गवपंतांचा, पेला नेहमी शेवटी सरळ व्हायचा.

"भार्गवपंत, आता तरी पाणी पिऊ द्या हो," थोरले महाराज घाम पुसत म्हणायचे.

"पिऊ की, महाराज. तेवढं एक सांगा. त्या बंदरात आपली वखार उभी आहे, ती जमीन कुणाची?"

सभा हसायची. महाराजही हसायचे, आणि उत्तर द्यायचे. कधी कधी तिन्हीसांजा व्हायच्या. घराघरांतून भाकऱ्या यायच्या. वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास वाऱ्याबरोबर आत यायचा. मग एकेक पेला सरळ होताना दगडावर टण्ण वाजायचा. परदेशातल्या थंडीत चारूला तो आवाज आठवायचा. मैत्रिणींना ती अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे राजाने उत्तर दिल्याशिवाय गलबत सुटत नाही."

घरी येताना तिचे गलबत खजूरबेटावर थांबले होते. हे बेट राज्याचे जुने मित्र. आता तिथल्या एकुलत्या गोड्या विहिरीभोवती भिंत उभी होती. दारावर तिच्याच राज्याचे शिपाई होते. विहिरीचे पाणी राज्याच्या खजुराच्या बागांना जात होते, आणि बेटावरच्या बायका रिकामे घडे घेऊन उन्हात ताटकळत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीने चारूला ओळखले, निदान तिच्या बोलीवरून गाव ओळखले.

"तू पालथ्या पेल्यांच्या गावची ना गं? आता तिथे कुणी काही विचारत नाही का?"

"विचारतात, आजी," चारू म्हणाली. "तुमची गोष्ट पोचली नसेल. मी पोचवते."

आणि आज ती सभेच्या त्याच पायरीवर उभी होती. नवे महाराज बोलत होते. "खजूरबेटावर आपले हितसंबंध धोक्यात आहेत. विहिरीच्या भिंतीवर दगड पडू लागले आहेत. तिथे लढाऊ गलबते पाठवायची आहेत. आज ऐकून घ्या, उद्या होकार द्या. कुणाला काही शंका?"

सेवक सुरया घेऊन फिरत होते. वेलची घातलेले खजुराचे सरबत. कुणी एक घोट घेतला की पेला लगेच पुन्हा भरला जात होता. चारूने अप्पांकडे पाहिले. त्यांचा हात पेल्याकडे गेला, थबकला. मग त्यांनी पेला उचलून ओठाला लावला.

सभा सुटल्यावर प्रधानजी आपण होऊन चारूजवळ आले. "चारुशीलाबाई, तुमच्यासारखी शिकलेली माणसं हवीत आम्हाला. खजूरबेटावर आपली वकील, राज्याची प्रतिनिधी, म्हणून जाल का? उद्या होकार झाला की लगेच नेमणूक."

घरी आल्या आल्या तिने वडिलांना गाठले. "अप्पा, विचारलं का नाहीत?"

"विचारणार होतो गं."

"मग?"

"पेला भरलेला होता. भरलेला पेला पालथा कसा घालणार?"

"ओतून टाकायचा."

"कुठं ओतू? खाली गालिचा."

चारू हसली. मग तिच्या लक्षात आले, अप्पा हसत नव्हते.

"पिऊन संपवायचा मग."

"संपवला की ते पुन्हा भरतात. फार अदबीनं भरतात, नको म्हणवत नाही. पहिल्या दिवशी वाटलं, महाराजांनी प्रेमानं दिलंय, आजच्या दिवस राहू दे, पुढच्या सभेला विचारू. पुढच्या सभेलाही तेच वाटलं."

चारूने त्यांना विहीर सांगितली, भिंत सांगितली, ती म्हातारी सांगितली. "तुमचं सरबत त्या पाण्यावरच्या खजुराचं आहे, अप्पा."

अप्पा म्हणाले, "वाईट याचं वाटतं, की मला ते गोड लागलं. रोज लागलं." त्यांनी फळीवरून आपला जुना तांब्याचा पेला काढला आणि चिंच लावून घासायला घेतला. "उद्या माझ्या जागेवर तू बस. सभासदाच्या लेकीला तो हक्क आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बसेन पायरीवर. तुझी जागा रिकामीच आहे तिथली."

पण चारूला चैन पडेना. प्रधानजींचे बोलणे डोक्यातून जात नव्हते. वकील म्हणून गेले तर दार उघडता येईल. बायकांना पाणी देता येईल. हळूहळू भिंतही पाडता येईल. त्यासाठी उद्या फक्त गप्प बसायचे. पुढचे पुढे विचारता येईल.

पुढच्या सभेला विचारू. हेच तर अप्पा म्हणाले होते! आपला पेला कधी भरला गेला, ते तिला कळलेसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लखलखीत पेला घेऊन निघाली. दारावर पहारेकऱ्याने तो नम्रपणे काढून घेतला. "घरचे पेले आत नेत नाहीत आता, ताई. आत चांदीचे आहेत." ती अप्पांच्या जागेवर बसली. तिच्यापुढे सरबत भरले गेले. महाराजांनी विचारले, "सभेचा होकार समजू ना?" प्रधानजींनी तिच्याकडे पाहून हलकेच मान डोलावली.

चारुशीलेने भरलेला पेला उचलला आणि तसाच पालथा घातला.

सरबत ओट्यावरून ओघळले आणि खालच्या गालिच्यावर पसरत सिंहासनाच्या दिशेने निघाले.

"अहो, गालिचा! गालिचा!" प्रधानजी ओरडले.

"गालिचा धुता येतो, प्रधानजी," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "महाराज, माझी शंका आहे. खजूरबेटावरची विहीर कुणाची?"

सेवकांच्या सुरया हातांतच राहिल्या. आणि बाहेरच्या पायरीवरून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "एक!"

तात्पर्य: आपल्या नावाने दूरच्या किनाऱ्यावर काय चालले आहे, हे विचारण्याची जबाबदारी आपलीच असते; आणि ज्या गोडव्यापायी प्रश्न गिळावा लागतो, तो सांडून टाकलेलाच बरा.