न फुंकलेलं शिंग

बंदुका डोंगरात यायच्या आधीच्या काळी, रानाला लागून वसलेल्या एका गावात एक शिकारी राहत होता. गाव ख्रिस्ती होतं. सगळं गाव मिळून एकच मंडळी, आणि त्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तेही एकच, पिकल्या दाढीचे, चालता चालता स्वतःशीच गाणी गुणगुणणारे.

शिकारी भला माणूस होता. शिकार झाली की पहिला वाटा विधवांच्या घरी पाठवायचा. दोष एवढाच, की लोकांनी आपल्याला ‘एका बाणाचा शिकारी’ म्हटलेलं त्याला फार आवडायचं. इतकं आवडायचं, की कुणी म्हणायला विसरलं तर तो स्वतःच विषय काढायचा.

त्या गावात शिकाऱ्यांचा एक नियम होता. जनावराला बाण लागला आणि ते जखमी होऊन पळालं, तर शिकाऱ्याने वेशीवर येऊन शिंग फुंकायचं. शिंग ऐकलं की कुणीही रानात पाऊल टाकायचं नाही. आणि शिकाऱ्याने त्या जनावराचा माग काढून ते मिळेपर्यंत घरी जेवायला बसायचं नाही. आपल्या शिकाऱ्यावर शिंग फुंकायची पाळी कधीच आली नव्हती.

एका शनिवारी दुपारी त्याने ओहोळाजवळ एका रानडुकरावर बाण सोडला. तेवढ्यात डुक्कर वळलं. बाण काळजात न बसता मांडीत रुतला आणि चीत्कार करत ते करवंदीच्या जाळीत घुसलं.

शिकारी हादरला. हात आपोआप कमरेच्या शिंगाकडे गेला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी रविवारी उपासनेत पाळक डोक्यावर हात ठेवून त्याला मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणारा पुढारी, म्हणून नेमणार होते. घरी पाहुणे आले होते. आजच शिंग वाजलं तर लोक काय म्हणतील? आणि उद्या माग काढत रानात फिरत बसलो, तर पाळक हात कुणाच्या डोक्यावर ठेवणार?

“एवढं रक्त गेलंय, सकाळपर्यंत मरेलच ते,” तो स्वतःला म्हणाला आणि घरी आला.

बायकोने भाता खुंटीला अडकवताना पाहिलं. “अहो, बाण एक कमी दिसतो.”

“नेम चुकला. खडकावर आपटून मोडला.”

“तुमचा नेम चुकला?” ती हसली. तिला ते खरंच वाटलं नाही, पण घरात पाहुणे होते, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

रविवारी उपासना झाली. पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. लोक हातात हात देऊ लागले. शिकाऱ्याची छाती फुगली, आणि डुक्कर त्याच्या मनातून पार पुसलं गेलं. निदान त्याला तसं वाटलं.

तेवढ्यात पाळक काखेत झोळी घेऊन आले. झोळीत प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभू येशूच्या स्मरणार्थ घ्यायची, भाकर आणि द्राक्षरस होता.

“पलीकडच्या पाड्यावरची म्हातारी फार आजारी आहे,” ते म्हणाले. “प्रभुभोजनासाठी वाट बघत असेल. डोंगराला वळसा घातला तर संध्याकाळ होईल, म्हणून ओहोळाच्या वाटेने जावं म्हणतो. तू काल तिकडेच होतास ना? वाट मोकळी आहे?”

भोवती माणसं उभी होती. सगळी त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. ‘मीही सोबत येतो’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण घरी जेवणाच्या पंगती खोळंबल्या होत्या, आणि डुक्कर एव्हाना मेलंच असणार, नाही का?

“मोकळी आहे, पाळकसाहेब,” तो म्हणाला.

“मग बरं झालं,” पाळक म्हणाले आणि गुणगुणत वाटेला लागले.

शिकारी जेवायला बसला. पाहुण्यांनी आग्रह करकरून वाढलं. त्याने पहिला घास घेतला. एवढ्यात बाहेर आरडाओरड झाली.

चार माणसं घोंगडीची झोळी करून पाळकांना आणत होती. गुडघ्यापासून मांडीपर्यंत पाय फाटला होता. घोंगडीतून रक्त ठिबकत होतं. शिकारी उष्ट्या हातानेच धावत बाहेर आला आणि समोरचं बघून जागच्या जागी खिळला. असं रक्त त्याने जन्मभर पाहिलं होतं, पण जनावरांचं.

“डुक्कर पिसाळलं होतं,” आणणाऱ्यांपैकी एकजण धापा टाकत म्हणाला. “मांडीत बाण होता त्याच्या. आमचा ओरडा ऐकून पळालं. परगावच्या कुठल्या तरी मेल्याने जखमी करून सोडलंय आणि शिंगही फुंकलं नाही. हात झडो त्याचे!”

“झडो!” बाकीच्यांनी साथ दिली.

पळून जायला दार आपोआप उघडं झालं होतं. परगावचा शिकारी. कुणी विचारणार नव्हतं, कुणी शोधणार नव्हतं. शिकारी गप्प राहिला.

तेव्हा पाळकांनी डोळे उघडले आणि त्याला हाताने जवळ बोलावलं. तो खाली वाकला.

“पानांवर रक्त दिसलं होतं रे मला,” पाळक क्षीण आवाजात म्हणाले. “दोनदा थांबलो. मागे फिरणार होतो. मग म्हटलं, शिकारी म्हणाला ना वाट मोकळी आहे, म्हणजे हे रक्त जुनं असणार. म्हणून पुढे गेलो.”

या माणसाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवला होता, आणि तो शब्द खोटा होता.

“परगावचा नाही,” तो म्हणाला. “बाण माझा आहे. मला सगळं माहीत होतं.”

बायकोच्या हातातली वाढायची पळी खाली पडली. शिव्या देणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली. शिकाऱ्याने पाळकांच्या हातावर डोकं ठेवलं आणि मोठ्याने रडू लागला.

“मला क्षमा करा! देवा, मला क्षमा कर!”

“केली,” पाळक म्हणाले. “पण रडायला नंतर बस. जनावर अजून रानात आहे. बायका सरपणाला गेल्या असतील. आधी तिकडे जा.”

शिकारी तसाच उठला. बायकांना परत बोलवायला त्याने माणसं धाडली आणि स्वतः रक्ताचा माग काढत निघाला. दिवस कलताना ओहोळाच्या चिखलात त्याला डुक्कर सापडलं. ते मेलेलं नव्हतं. बाणाभोवतीचं मांस सुजून काळं पडलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या, आणि ते थरथरत होतं. कालपासून ते असंच सोसत होतं. त्या मुक्या जिवाच्या डोळ्यांकडे बघून शिकारी दुसऱ्यांदा हादरला. त्याने एका घावात मारून त्याची वेदनेतून सुटका केली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

वडीलपण त्याने त्याच आठवड्यात परत केलं. पाळक वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून पाड्यांवर जाताना त्यांचा एक हात काठीवर आणि दुसरा शिकाऱ्याच्या खांद्यावर असायचा.

वाटेत एखादा अनोळखी माणूस विचारायचा, “पाळकसाहेब, पायाला काय झालं हो?”

“रानडुकराने मारलं,” पाळक सहज सांगून टाकायचे.

शिकाऱ्याला कुणी काही विचारलेलं नसायचं. तरी तो दरवेळी थांबायचा आणि म्हणायचा, “डुकराने नाही, दादा. माझ्या खोट्या शब्दाने.”

तात्पर्य: लपवलेलं पाप आपोआप मरत नाही, ते आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याच्या वाटेवर जाऊन उभं राहतं. म्हणून ते देवापुढे आणि माणसांपुढे वेळीच कबूल करावं. क्षमा मिळते, आणि क्षमा मिळाली की निस्तरायचं कामही आपलंच असतं.