सुगरणीचं ‘नाही’

सगळ्यांच्या देखत पाटलाला ‘नाही’ म्हणायची वेळ कधी आलीय का तुमच्यावर? चिंगी नावाच्या सुगरण पाखरावर आली होती, माणसांची गावं वसायच्याही आधी.

तळ्याचा पाटील होता एक रेडा. डुंबायला जागा वाढवायची म्हणून काठावरची बाभूळ पाडायचं त्यानं ठरवलं. त्याच बाभळीला सुगरणींची घरटी लटकत होती आणि घरट्यांत पिल्लं होती. सभा भरली. तिथली रीत अशी, की बोलणाऱ्यानं तळ्यातल्या दगडावर उभं राहायचं. रेडा दगडावर चढताच कावळ्यांनी कालवा केला, “उतर खाली, चिखलोबा!”

चिंगीला हसू आलं, तरी ती कडाडली, “गप्प बसा! पाटलांना पुरतं बोलू द्या. मला त्यांना नाही म्हणायचंय. ऐकल्याशिवाय कसं म्हणू?”

रेड्याचं बोलून झालं. मग चिंगी दगडावर बसली.

“पाटील, तळं आटलं तेव्हा तुम्हीच आम्हाला पाण्याची वाट दाखवलीत, ते मी विसरले नाही. पण बाभूळ पाडायला माझा विरोध आहे. पलीकडचा काठ मोकळाच आहे की.”

“एवढीशी चोच, अन् मला शिकवतेस?”

“चोच एवढीशीच आहे, पाटील. पण वरची सगळी घरटी असल्याच चोचींनी विणलीत,” चिंगी मान ताठ ठेवून म्हणाली.

रेडा बराच वेळ घरट्यांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाभळीला वळसा घालून पलीकडच्या काठावर डुंबायला गेला.